मुलीच्या गावचा क्लब

माझी मुलगी ज्या गावात राहते तिथल्या फुटबॉल क्लबचं नाव काही वर्षांपूर्वी मला धड उच्चारताही येत नव्हतं. ते गाव उत्तर इंग्लंडात आहे आणि मी सिडनीत, हॅरिस पार्कच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये. माझं आणि तिच्या आईचं पटेनासं झालं तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेत होती. आई डॉक्टर. तिला तिकडे नोकरी मिळाली, आमचं शांतपणे बोलणं झालं आणि मुलगी आईबरोबर गेली. पुढे आईने तिकडच्याच एका माणसाशी लग्न केलं. तो शाळेत भूगोल शिकवतो. माणूस चांगला आहे असं मला ज्याने त्याने सांगितलं, आणि ते खरंच होतं.

दर रविवारी संध्याकाळी मी फोन करायचो. माझ्याकडे संध्याकाळ, तिच्याकडे सकाळ. ती अंथरुणातूनच बोलायची. शाळा कशी चाललीय विचारलं की "गुड." काल काय खाल्लंस विचारलं की "नथिंग मच." मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. ती मोठी होत होती आणि फोन लहान होत चालले होते. फोन ठेवल्यावर मी उगाचच भांडी पुन्हा विसळत उभा राहायचो.

एका रविवारी सहज विचारलं, काल काय केलंस? म्हणाली, मॅचला गेले होते. तिने आणि तिच्या आईच्या नवऱ्याने म्हणे वर्षभरासाठी स्टेडियममधल्या दोन सीटा घेतल्या होत्या. आणि मग ती बोलायलाच लागली. गोलकीपर कसा घसरला, रेफरीने कशी चुकीची पेनल्टी दिली, डाव्या बाजूचा म्हातारा डिफेंडर कसा पळता येत नसूनही आपली जागा सोडत नाही. तो म्हातारा म्हणजे तिशी ओलांडलेला एक खेळाडू होता हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला तिचं निम्मंच समजलं, पण ती थांबत नव्हती. मध्येच "बाबा, तू ऐकतोयस ना?" असं मराठीत विचारलं तिने. त्याच आठवड्यात मी ती लीग दाखवणारं चॅनल घेतलं.

मी ठाण्याचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे क्रिकेटला मैदान ओलं असलं की चिखलात मारायच्या लाथा. त्यामुळे सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. इंग्लंडमधली ही दुसऱ्या पायरीची लीग. वरचे काही संघ बढती मिळून बड्या श्रीमंत लीगमध्ये जातात, तळाचे खाली घसरतात. तिचा क्लब या दोन्हींपासून सारखाच लांब. जिंकला तर थोडा वर, हरला तर थोडा खाली, पुन्हा मधेच.

शनिवारी मी पॅरामॅटाच्या चष्म्याच्या दुकानात कामाला असतो. रविवारी सकाळी चहा घेऊन मॅचचं रेकॉर्डिंग लावायचो. निकाल आधी कळू नये म्हणून फोन बंद करून ठेवायचो. दुकानातला माझा ऑस्ट्रेलियन सहकारी रग्बीचा भक्त. तो म्हणाला, मेट, बघायचंच तर जिंकणारी टीम तरी बघ. कॅसल हिलला माझा युनिव्हर्सिटीपासूनचा मित्र राहतो. त्याची बायको दर रविवारी जेवायला बोलवायची, मी काहीतरी कारण सांगायचो. होता होता तिने बोलवायचं बंद केलं. मित्राने एकदा विचारलं, तू सकाळभर एकटा करतोस तरी काय? मी म्हणालो, मॅच बघतो. मला वाटतं, त्याला माझी काळजी वाटली.

गेल्या मोसमाची गोष्ट सांगतो. सुरुवात इतकी छान झाली की मुलगी फोनवर बढतीची स्वप्नं बघायला लागली. मीही बघायला लागलो. पानगळीत मात्र ओळीने मॅचेस हरले, मॅनेजरला काढलं. नवा आला, त्याने निदान बरोबरी करायला शिकवलं. नाताळानंतर त्यांचा गोल करणारा पोरगा मोठ्या क्लबने उचलला. त्या रविवारी ती रडवेली झाली होती, आणि मी तिला समजावत होतो की जानेवारीत खेळाडूंची खरेदी-विक्री उघडली की असंच होतं, लहान क्लबांना पोरं विकावीच लागतात. बोलता बोलता लक्षात आलं की मी हे खरोखर मनापासून बोलतोय.

त्याच सुमारास ती मला दिसली. कॉर्नर किक मिळाली होती, कॅमेरा कोपऱ्यातल्या झेंड्यामागच्या प्रेक्षकांवरून फिरला आणि चौथ्या-पाचव्या रांगेत लोकरीची टोपी घातलेली माझी मुलगी. मी चित्र थांबवलं. ती हसत होती. तोंड शेजारच्या माणसाकडे वळवलेलं, एक हात त्याच्या बाहीवर. तो तिच्याकडे वाकून काहीतरी ऐकत होता. मी किती वेळ बघत बसलो सांगता येणार नाही. चहा निवून गेला. ती खुशीत होती, आणि मला तेच तर हवं होतं. तरी ती मॅच मी पुढे बघितली नाही. संध्याकाळी फोनवर मी तिला टीव्हीत पाहिल्याचं सांगितलं नाही.

त्यानंतर मी विचारलं, शेवटच्या होम मॅचला मी आलो तर? ती म्हणाली, "बट बाबा, सीटा दोनच आहेत." मी म्हणालो, मी दुसरीकडे कुठेतरी बसेन. दोन दिवसांनी तिच्या आईच्या नवऱ्याचा मेसेज आला, आयुष्यातला पहिलाच. त्या शनिवारी मला घरी काम आहे, माझी सीट मोकळी राहील, तुम्ही वापरलीत तर बरं वाटेल, एवढंच. घरी कसलं काम असणार होतं! मी बराच विचार करून "थँक यू" लिहिलं.

मे महिना लागला तरी तिकडे बोचरी थंडी होती. ती मला स्टेशनवर घ्यायला आली. माझ्या खांद्याच्या वर गेली होती. स्टेडियमकडे जाताना ती पुढे आणि मी मागे, कारण रस्ता तिला माहीत होता. टीव्हीवर ते मैदान मोठं वाटायचं. प्रत्यक्षात गवत इतकं जवळ की खेळाडूंचं ओरडणंही ऐकू यायचं.

मागच्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी मुलीला पेपरमिंटची गोळी दिली, नेहमीसारखी, आणि विचारलं, "आज तुझे डॅड नाही आले?"

मी मैदानाकडे बघत राहिलो. मुलगी वळली आणि म्हणाली, "ते घरी आहेत. हा माझा बाबा. सिडनीहून आलाय."

बाईंनी माझा हात हातात घेतला, एवढ्या लांबून हे बघायला आलात, असं म्हणून हसल्या आणि मलाही एक गोळी दिली. मुलगी पुन्हा खेळ बघायला लागली. मला पुढची काही मिनिटं मैदानावरचं काही दिसलं नाही.

मॅच बरोबरीत सुटली, एकही गोल न होता. जिंकून काही मिळणार नव्हतं, हरून काही जाणार नव्हतं, तरी लोक उठून गेले नाहीत. डाव्या बाजूचा म्हातारा डिफेंडर त्या दिवशी निवृत्त होत होता. तो आपल्या दोन लहान मुलांना घेऊन मैदानाला फेरी मारत आमच्यासमोर आला तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझी मुलगी रडत होती. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, मला कळेना. मग ठेवला. तिने झटकला नाही.

परत जाताना तिने घरी चल म्हणून आग्रह केला. दार तिच्या आईच्या नवऱ्याने उघडलं. आम्ही हात मिळवले. तिची आई चहा करायला आत गेली आणि मी सोफ्याच्या कडेला बसलो. त्याने मुलीला विचारलं, मॅचचं काय झालं? आणि ती सांगायला लागली. बूटही न काढता, हातवारे करत, सगळी मॅच. तो मध्ये मध्ये विचारत होता, अगदी बरोबर जागी. मी तिथे बसून ऐकत होतो. दर रविवारी मला मिळायचं ते हेच, शनिवारी या घरात बोलून झालेलं. तिने मध्येच माझ्याकडे बघून "हो ना, बाबा?" म्हटलं. मी हो म्हणालो.

निघताना तो गेटपर्यंत आला. म्हणाला, "तुमच्या फोनसाठी ती रविवारी गजर लावून उठते. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो." मी मान हलवली.

सिडनीला परतल्यावर फुटबॉलच्या सुट्टीचे महिने आले. रविवारी सकाळी घर फार मोठं वाटायचं, खरं तर दोनच खोल्यांचं आहे. मी होऊन मित्राला फोन केला आणि जेवायला गेलो. त्याच्या बायकोने काही विचारलं नाही, मला आवडतात म्हणून भरली वांगी केली.

नवा मोसम सुरू झाला तेव्हा मुलीने सांगितलं की तिने सीट सोडली. ती स्वतःच मुलींच्या एका टीममध्ये खेळायला लागलीय, आणि त्यांच्या मॅचेस शनिवारीच असतात. फारच आनंदात होती. मी म्हणालो, वा, फारच छान. तिच्या मॅचेस कुठल्याच चॅनलवर दिसत नाहीत. ती सांगेल तेवढंच मला कळतं, आणि हल्ली ती कधी दमलेली असते, कधी मैत्रिणींबरोबर बाहेर. फोन होतात, पण दर रविवारी होतातच असं नाही.

क्लब अजून तिथेच आहे, गुणतक्त्याच्या मधोमध. मी अजून बघतो. परवा हरले. डाव्या बाजूला आता नवा मुलगा खेळतो, पळतो चांगला, पण जागा सोडतो. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मग टीव्ही बंद केला, पिशवी घेतली आणि खाली भाजी आणायला गेलो.