शेवटच्या रिळाचा पंचनामा

गेल्या महिन्यात एका वृत्तपत्रात कोणा गृहस्थाने असे मत मांडले की, महायुद्धानंतर युरोपात निघालेले ते संथ, गाण्यांवाचूनचे, शेवटाचा पत्ता नसलेले चित्रपट म्हणजे पोट भरलेल्यांनी पोट भरलेल्यांना घातलेले कोडे होय. मी त्याच दिवशी उत्तर पाठवले. छापले नाही. स्मरणपत्र पाठवल्यावर छापले, पण शेवटचा परिच्छेद कापून. त्यात मी एवढेच म्हटले होते की, असा एक चित्रपट पाहताना मी जितका भ्यालो तितका दुसऱ्या कशालाही भ्यालो नाही, आणि भरल्या पोटाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. तो परिच्छेद इथे विस्ताराने लिहितो. इथे कात्री माझ्याच हातात आहे.

साठ सालाच्या आसपासची हकीकत. अलिबागच्या कोर्टात मी नवा वकील होतो. धाकट्या बहिणीला रेवदंड्याजवळच्या एका माडांच्या वाडीत दिले होते. तिचा नवरा गलबतावर असे. एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतर मंगलोरी कौले आणायला गेलेले ते गलबत परतलेच नाही. मालवणच्या पुढे ते कोणाला दिसले नाही. फळी सापडली नाही की माणूस सापडला नाही. बहीण आमच्या घरी आली ती कुंकू लावून, मंगळसूत्र घालून, आणि तशीच राहिली.

तिचे दोघे दीर सणावारी येत. "वयनी, धीर धरा. दादा येल." हे ते मायेने म्हणत असते तर मी त्यांना नमस्कार केला असता. दादा येईपर्यंत दादाचा हिस्सा त्यांच्या ताब्यात होता, आणि मुंबईचा एक शेठ समुद्रालगतची ती वाडी बंगल्यासाठी मागत होता. कायदा सरळ होता आणि निर्दय होता. विधवेला नवऱ्याच्या हिश्श्याची पुरी मालकी नुकतीच मिळू लागली होती. बेपत्ता माणसाच्या बायकोला मात्र काहीच नव्हते. ज्याची सात वर्षे आप्तांना खबर नाही, तो जिवंत आहे असे जो म्हणेल त्याने ते शाबीत करावे, असे पुराव्याचा कायदा सांगतो. सात वर्षे भरली होती. मी वादपत्र तयार केले. तिसऱ्या कलमात लिहिले, 'वादीचे पती मयत झाले आहेत.' खाली बहिणीची सही हवी होती.

तो कागद माझ्या बॅगेत पडून राहिला. तिने नाही म्हटले तर वाडी जाणार. हो म्हटले तर काय, याचा विचार तिच्या कपाळाकडे पाहून मला करवत नसे. सकाळी ती चहाचा पेला पुढे ठेवी आणि मी बॅग पायाने मागे सारी.

त्याच दिवसांत किहीमला छोटी बंगली बांधून राहिलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी अलिबागेत चित्रपट मंडळ काढले. परदेशी दूतावासांकडून आलेले रिळांचे डबे मुंबईहून लाँचने आणायचे, शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या आणि रविवारी दुपारी खेळ करायचा. परवानगीचे अर्ज लिहायला माणूस हवा म्हणून मी चिटणीस झालो. पडद्याखाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळींचा अर्थ मोठ्याने मराठीत सांगणे, हेही काम चिटणिसाच्याच गळ्यात पडले.

पहिल्या काही खेळांनी माझे माथे भडकले. माणूस रस्त्याने चालतो आणि चालतच राहतो. बाई भांडे घासायला घेते आणि ते पुरते घासून होईपर्यंत आपण बसायचे. प्रत्येक खेळानंतर मी प्राध्यापकांना मुद्द्यांना क्रमांक घालून पत्र धाडी. एकदा त्यांचे एका ओळीचे पोस्टकार्ड आले : "वकीलसाहेब, निकाल लागल्याशिवाय आपल्याला जेवण जात नाही काय?" त्यावर मी चार पानी उत्तर लिहिले.

मग तो रविवार आला. चित्रपटाचे कथानक आम्हा कोणालाच आधी ठाऊक नसे. माझी पत्नी बहिणीला आग्रहाने घेऊन आली होती. घरात बसून बसून ती सुकत चालली आहे, असे पत्नीचे म्हणणे. दिवे मालवण्यापूर्वी मी दोघींना बायकांच्या बाकावर पाहिले. मग अंधार झाला.

युद्धानंतरचे कुठलेसे लहान गाव. एका बाईचा नवरा आघाडीवरून परतलेला नाही. ती कारखान्यात जाते, घरी येते, दोन माणसांचा स्वयंपाक करते आणि उरलेला दुसऱ्या दिवशी आपणच खाते. मी अर्थ सांगत होतो, पण माझा आवाज खाली खाली जात होता.

"ही गाणार कवा?" मागून एकाने विचारले.

"गाणं न्हाय तर न्हाय, निदान रडंल तरी," दुसरा म्हणाला. हशा झाला.

बाई एका कचेरीत जाऊन बसली. समोरच्या अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला. पडद्याखाली ओळ आली : येथे सही करा, म्हणजे आपले पती मृत असल्याची नोंद करता येईल.

मी ती वाचली. मला ती सांगता आली नाही.

"बोला की वकीलसाहेब."

"काय म्हणतो तो सायब?"

"वकील फी घेतल्याशिवाय न्हाय बोलायचे."

पुन्हा हशा. अंधारात बहीण नेमकी कोठे बसली आहे हे मला ठाऊक होते, म्हणून मी तिकडे मान वळवली नाही. पडद्यावरच्या बाईने टाक उचलला. हात कागदापर्यंत गेला आणि एकदम रस्ता आला. बिनझाडांचा, लांबलचक. बाई पाठमोरी चालली होती. चालता चालता ती लहान झाली, आणि पडदा पांढरा झाला.

हॉलमध्ये गिल्ला उसळला. सही केली. न्हाय केली. केल्याबिगर सोडतील का तिला? मग नवरा आला का न्हाय? सर्वांत मोठा आवाज माझा होता. शेवटचे रीळ गहाळ आहे, मी म्हणालो; दूतावासाला नोटीस देतो, अपुरा चित्रपट पाठवणे ही शुद्ध फसवणूक आहे.

"रिळे तीनच असतात या चित्रपटाला," प्राध्यापक शांतपणे म्हणाले.

"पुरावा?"

"पुन्हा पाहा."

"पाहतो. पंचनामा करतो."

बहीण माझ्यासमोरून गेली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

डबे परत जाण्यापूर्वी, शाळा सुटल्यावर, मी पंचनाम्याला बसलो. प्राध्यापक आणि शाळेचा शिपाई हे दोन पंच. शिपाई लगेच झोपला. पंचनाम्याचा नियम असा की, दिसेल ते लिहावे, वाटेल ते लिहू नये. मी लिहिले, 'बाई दुःखी आहे,' आणि खोडले. दुःख मला दिसले नव्हते. दिसले होते ते असे : बाई ताट पुसते. पुसलेले ताट पुन्हा पुसते. मी लिहिले, 'बाई नवऱ्याची वाट पाहते.' तेही खोडले. जिन्यावर पावले वाजतात. बाई चमचा खाली ठेवते. पावले वरच्या मजल्यावर जातात. बाई चमचा उचलते. असे खोडता खोडता माझ्या ध्यानात येऊ लागले की, ज्याला मी काहीच घडत नाही म्हणत होतो, त्यात एक क्षणही रिकामा नव्हता. हे चित्रपट पाहायला मी शिकलो तो असा.

कचेरीचा प्रसंग आला. 'अधिकारी,' मी लिहिले, आणि चेहऱ्याचे वर्णन करण्यासाठी मान वर केली. चेहरा नव्हता. यंत्र चालवणाऱ्याला तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. पुन्हाही नव्हता. दिसत होती फक्त त्याची मान आणि अर्धा पडदा व्यापणारा खांदा, आणि टेबलावर ताल धरलेली बोटे. त्या खांद्याआडून आपण बाईकडे पाहत असतो. ती सही कधी करते याची वाट पाहत असतो.

मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिले. बोटे बाकावर वाजत होती.

मी हात मांडीखाली दाबला. रस्ता आला. या खेपेला तो मला संपायला नको होता, कारण तो संपला की घरी जायचे होते आणि घरी ती होती, आणि माझी बॅग होती.

"मग? नोटीस?" प्राध्यापकांनी विचारले.

"रिळे तीनच आहेत."

घरी येऊन मी वादपत्राचे तिसरे कलम खोडले आणि लिहिले, 'वादीस सात वर्षांत पतीची कोणतीही खबर नाही.' पुढे काही नाही. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते ज्येष्ठ वकील म्हणाले, "वेडेपणा आहे. मयत म्हटल्याशिवाय कोर्ट ढिम्म हलायचे नाही." ते खरे ठरण्याचा पुरेपूर संभव होता.

बहीण विहिरीपाशी होती. मी कागद दिला आणि समोर न थांबता बाजूला झालो.

"रविवारी तू अर्थ न्हाय सांगितलास, दादा."

"नाही सांगितला."

"तवाच कळला मला." तिने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. "येवढंच?"

"एवढंच."

"आणि जज्ज म्हणाला, मेला म्हण, तर?"

"तर म्हणायचं नाहीस."

"आणि वाडी गेली तर?"

तिने पदराला हात पुसले आणि सही केली.

सुनावणीच्या दिवशी दिरांचा वकील तिच्या कपाळाकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, कुंकू तर ठसठशीत आहे. नवरा गेला असं तुम्हीच मानत नाही, मग विधवेचा हिस्सा कोणत्या तोंडानं मागता?" मागे बसलेले लोक हसले. न्यायाधीशांनी मान वर केली.

"आपले पती मयत आहेत असे आपले म्हणणे आहे काय?"

"खबर न्हाय, साहेब."

"ते समजले. मयत आहेत काय?"

मला उठून हरकत घेता आली असती. मी अर्धा उठलो आणि खाली बसलो. त्या शांततेत मला पंख्याचा आवाज येत होता, दिरांपैकी एकाच्या वहाणेचा आवाज येत होता. एक शब्द तिच्या तोंडून निघाला की वाडी तिची होणार होती, आणि तो निघू नये म्हणून मी, तिचाच वकील, जीव मुठीत धरून बसलो होतो.

"गलबत जाताना पाह्यलं," ती म्हणाली. "येताना न्हाय पाह्यलं. मधलं मला ठावं न्हाय."

न्यायाधीश लिहू लागले. मी बसलो होतो तिथून मला फक्त त्यांचा टाक दिसत होता.

निकाल पुढच्या तारखेला लागला. पती जिवंत असल्याचे प्रतिवादींचे म्हणणे होते. ते शाबीत करण्याचा भार त्यांच्यावर होता. त्यांनी तो पेलला नाही. हिस्सा बहिणीचा. कुंकवाबद्दल निकालात अक्षर नव्हते. दीर जाता जाता म्हणाले, "वयनी, दादा आला म्हंजे त्याला काय तोंड दावाल?" हा प्रश्न दुष्टपणाचा होता, पण कायद्याला धरून होता. असे अनुमान खोडता येते. तो माणूस ज्या दिवशी दारात उभा राहील, त्या दिवशी माझा हुकूमनामा रद्दी होईल.

ती वाडीत राहायला गेली. मी रविवारी तिच्याकडे जातो, अजूनही. वाडीच्या तोंडाशी बेडे, म्हणजे बांबूचे फाटक आहे, आणि तिने त्याला कधी कडी लावलेली नाही. आम्ही ओटीवर बसलेले असतो आणि ते करकरते. दोघांच्याही माना वर होतात. तिच्या नजरेत काय असते ते मी कधी लिहून ठेवलेले नाही. मला मात्र तो हुकूमनामा आठवतो.

"वारा असेल," मी म्हणतो.

ती उठते आणि पाहून येते.