लेझमीतली मोकळी जागा

मैदानावर रेघा आखायला टाकलेल्या पांढऱ्या फक्कीचा वास आला की मला लेकीच्या हायस्कूलचं ते गॅदरिंग आठवतं. लेझमीत सगळ्यात पुढं असणारी तिची मैत्रीण दिवाळीत साप चावून मेली होती, म्हणून पोरींनी तिची जागा मोकळी ठेवली. तिथंच चुकलं. मोकळ्या जागेवर कुणीतरी येतंच. हलगी सुरू झाली तशी त्या मेलेल्या पोरीची आई बायकांतून उठली आणि त्या जागेवर जाऊन रिकाम्या हातांनी नाचू लागली. कधी शाळेत पाय न ठेवलेली बाई, पण एकही पाऊल चुकली नाही. हलगी थांबली तरी ती नाचतच राहिली. मग तिनं शेजारच्या माझ्या लेकीचा हात धरला. "चल गं घरी, म्हैस वरडायलीय." माझी पोरगी निमूट तिच्यामागं निघाली. मी पळत जाऊन त्यांना फाटकात गाठलं आणि लेकीचा दुसरा हात ओढला. "सोडा वैनी, ही माझी हाय." तिनं शांतपणे विचारलं, "मग माझी कुठं हाय?" मी लेकीला घेऊन आले. परवा लेक माहेरी आली तेव्हा विचारलं, गेली कशाला होतीस तिच्यामागं? भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तवा मला तीच माझी आई वाटली."