तपासणीची डुलकी

गादी शिवून झाली की गादीवाला दुपारी तिच्यावरच झोपतो. त्याचे वडीलही झोपत. कापूस कुठे गोळा झालाय ते हाताला नाही, कुशीला कळतं, असं त्यांचं म्हणणं. ते आधी एका कुशीवर झोपत, मग दुसऱ्या. हा उजव्या कुशीवर आडवा होतो आणि त्याचा लगेच डोळा लागतो. वडील गेले ते खोकून खोकून. कापसाची धूळ.

गादीवाल्याला आजवर एकही स्वप्न पडलेलं नाही. बायको रोज चहाबरोबर आपलं सांगते. तो ऐकतो, शेजाऱ्यांच्या परदेशवारीबद्दल ऐकावं तसं.

पहिली तक्रार शिंपीणबाईंची.

"गादी छान आहे, पण तिच्यात जिना आहे."

"जिना?"

"खाली जाणारा. तळाशी हिरवं दार, दारामागे कुणीतरी खोकतंय. अहो, मी तळमजल्यावर राहते."

पाठोपाठ न्हाव्याने आणि बँकेतल्या शिपायाने तोच जिना सांगितला. न्हाव्याला कठडा विरुद्ध बाजूला दिसला, पण तो उशी पायथ्याशी घेऊन झोपतो.

दुकान सांभाळणारा मेव्हणा म्हणाला, "दाजी, गादीत कापूस भरायचा असतो. तुम्ही बांधकाम कशाला काढलंत?"

गादीवाल्याला उलगडा झाला. त्याला स्वप्नं पडत होती, पण ती गादीत मुरत होती आणि गादीबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जात होती. दारामागे कोण आहे, याचा त्याला अंदाज होता. खात्री करायची तर स्वप्न हवं, आणि ते लोकांकडे.

तो समोरच्या मनाच्या डॉक्टरांकडे गेला.

"जिना म्हणजे मनाच्या तळाशी उतरणं," डॉक्टर म्हणाले. "दारामागे आपण स्वतःपासून लपवलेलं काहीतरी असतं. ज्याला स्वप्न पडतं त्याचं."

"पडतं त्यांना. आहे माझं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचीही गादी याच दुकानातली. मग त्यांनी विचारलं, "खोकला कोरडाच आहे ना?"

गादीवाल्याने गिऱ्हाइकांना सांगितलं, गाद्या परत घेतो, पण आधी दार उघडून बघा. न्हावी म्हणाला, कुणाच्या घरात असं घुसत नाहीत. शिपाई दारापर्यंत गेला आणि सवयीने आतून घंटी वाजायची वाट बघत स्टुलावर बसून राहिला.

शेवटी शिंपीणबाई वैतागल्या.

"रोजची कटकट. काल पाणी घेऊन सरळ आत गेले. एक म्हातारा डाव्या कुशीवर पडलेला. म्हटलं, आजोबा, पाणी घ्या. तर म्हणतो, डाव्या बाजूला कापूस गोळा झालाय, सांगा त्याला."

"आणखी काय म्हणाले?"

"एवढंच."

"माझी चौकशी?"

"कापसाचंच बोलत होता."

गादीवाला थोडा वेळ सुई चाचपत राहिला. मग त्याने शिंपीणबाईंची गादी आणवली आणि डाव्या कुशीवर आडवा झाला. बरगडीला मुठीएवढा गोळा टोचला. त्याने शिवण उसवली, कापूस पिंजून सारखा केला, टाके घातले आणि पुन्हा तपासायला पडला, दोन्ही कुशींवर. झोप लागली. स्वप्न पडलं नाही.

खोकला थांबलाय, असं शिंपीणबाई सांगतात. दारामागे आता कुणी नाही. जिना मात्र आहे. गादी परत करता का, असं मेव्हण्याने विचारलं, तर म्हणाल्या, राहू दे, तेवढीच एक खोली जास्त.