बार्शीच्या टोपलीतला करंडा

ती दिवाळी अजून माझ्या डोळ्यापुढनं हालत न्हाय. नाव मी कुणाचं घेणार न्हाय, कारण आमचे हे अजून पोलिसातच हायत, आन् हे लिवताना बी मी दाराला आतनं कडी घातलीया. रिटायर झालेले साहेब लोक आपापल्या तपासाच्या केशी छापून आणतात. मी वाचल्यात, चौथीपतूर शिकले मी, अडखळत का हुईना वाचते. त्यात खबर असती, जबाब असतो, मुद्देमाल असतो, आन् आरोपी बाई असली की एकच ओळ असती, ‘स्त्रीकडून झडती घेवविली.’ ती स्त्री मी.

सोलापुरात पोलीस लाईनीत ऱ्हायला असताना तीन वरसं मी ते काम केलं. बाईच्या अंगाला पुरुषानं हात लावायचा न्हाय असा कायदा हाय, मग ठाण्यावरनं लाईनीत निरोप यायचा आन् शिपायाची बायको म्हणून मी पदर खोचून पळायची, पोराला शेजारणीच्या वट्यात टाकून. मागच्या खोलीत पडदा ओढायचा, अंबाडा सोडायचा, निऱ्या झटकायच्या, तोंड उघडून बघायचं. पहिल्यांदा मी चुकायची. मग हाताला आपोआप कळाय लागलं. चोरणारी बाई सांगायच्या आधीच हात वर करती, तिला ठावं असतं काय काय बघत्यात ते. जिनं चोरलं न्हाय तिला एकेक सांगावं लागतं, बाई हात वर कर, बाई केस सोड, आन् ती नुसती आपल्या तोंडाकडं बघत ऱ्हाती.

धनतेरशीला दिवे लागायच्या वक्ताला निरोप आला. शिपाई म्हणला, “वैनी, चला, सुताच्या पेढीवरची बाई आणलीया.”

ती पेढी लई मोठी. दरसाल दिवाळीला तितनं बड्या गिऱ्हाइकांना डाली जायची. डाली म्हंजे बुरडाकडनं इणून घेतलेली बांबूची टोपली, खाली भुसा, वर रंगीत कागद, त्यात चादर, खण, काजू-बदामाचा पुडा, खडीसाखर, अत्तराची कुपी, नारळ. आन् त्या साली शेठनं प्रत्येक टोपलीत चांदीचा एकेक कुंकवाचा करंडा घालायला सांगितलेला, गिऱ्हाइकाच्या घरच्या लक्षुमीसाठी म्हणून. माडीवर तीन बाया टोपल्या भरत होत्या. त्यातली एक विणकराची सून, तेलुगू बोलणारी, माझ्याच वयाची, तिचा हात लई चांगला, नारळ असा बसवायची की गाडीत कितीबी आपटू दे, अत्तराची कुपी फुटणार न्हाय.

मी गेले तर ती भिंतीला टेकून हुबी होती आन् पेढीचे दिवाणजी टेबलापुढं जबाब देत होते.

“गावातल्या टोपल्या सकाळीच पोच झाल्या, साहेब. परगावच्या गाडीनं जायच्या म्हणून मी प्रत्येक उघडून पाहिली. बार्शीच्या टोपलीत करंडा नाही. ती टोपली हिनं भरली, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.”

फौजदारसाहेब खुर्चीत बसलेले. त्यांनी तिला इचारलं, “करंडा काढलास का?”

“व्हय,” ती म्हणली.

हवालदार हसला. “घ्या! सरळच बोलली. आता कुणाला दिलास ते पण सांग, म्हणजे आम्ही घरी जाऊन चकल्या खातो.”

तिनं मान वर केली, फौजदारसाहेबांच्या तोंडाकडं बघितलं, लई येळ बघितलं, आन् मान खाली घातली.

“कुणाला दिलास?”

दिवाणजी म्हणले, “बघा, कशी मुरलेली आहे.” हवालदारानं टेबलावर रूळ आपटला तशी ती हादरली, पर तोंड उघडलं न्हाय. मग फौजदारसाहेब मला म्हणले, झडती घ्या.

मी पडदा ओढला. म्हणलं, हात वर कर. ती बघतच ऱ्हायली. तवाच माझ्या हाताला कळलं. चोळीला हात लावला तर चोळी वली चिंब, दुधानं. मला पाच म्हयन्याचं पोरगं, मला इचारायची गरज न्हवती.

“किती म्हयन्याचं हाय गं?”

“चार. सासूजवळ हाय. अक्का, मी चोरी नाय केली.” ती कानात बोलाय लागली, भडाभडा. “बार्शीला माझं माहेर. ही टोपली ज्या पेढीला जायची ती आमच्याच गल्लीत. दसऱ्यानंतर तिथला मालक गेला, भाऊ सांगून गेला मला. त्या बाईचं कुंकू पुसलं, आन् तिच्या दारात मी कुंकवाचा करंडा पाठवू? माझ्या हातानं?”

“मग दिवाणजीला सांगायचं की!”

“धनतेरस अक्का, पूजा मांडलेली, सगळ्या टोपल्यांवर हळदी-कुंकू वाहिलेलं. तितं मेल्याचं नाव कसं घेऊ? मी गपचूप काढला आन् दुसऱ्या टोपलीत घातला. नव्या लग्नाची पोरगी होती त्या घरात, पहिला दिवाळसण. एक आईला, एक पोरीला. सवाष्णीच्या घरात गेला की, वाया नाय गेला.”

“मग त्याच घराचं नाव सांग आन् सूट.”

तिनं माझं मनगाट धरलं. “कुठलं घर ते इचार ना अक्का.”

आन् मला इचारायची गरजच ऱ्हायली न्हाय. लाईनीत समद्यांला ठावं होतं दिवाळसण कुणाच्या घरी हाय. म्या स्वतः त्या घरात दोन दिस अनारसे थापले होते. तिला ‘कुणाला दिलास’ म्हणून इचारत होते ते फौजदारसाहेबच, आन् माल त्यांच्याच घरात होता. त्यांनला ठावं न्हवतं, टोपली बायकांनी उघडलेली. पर सरकारी माणसाच्या घरी पेढीवरनं डाली जाती हे ठाण्यात, दिवाणजीच्या आन् हवालदाराच्या तोंडावर, कोण बोलणार? ती बोलंल? मी बोलंन?

भाईर आले. हवालदार म्हणला, “काय?”

“काय न्हाय.”

“काय न्हाय म्हणजे गिळला असेल. बसू दे, अंडं घालेल.”

फौजदारसाहेब टोपी घालत म्हणले, “उद्यापासून कोर्टाला सुट्टी. भाऊबीज झाल्यावर हजर करू. तोवर आत ठेवा.”

चार दिस. चार म्हयन्याचं पोर. फाटकाजवळ तिची सासू ते पोर घेऊन आलेली, पोर रडून रडून निळं झालेलं, शिपाई आत सोडंना. मी हवालदाराला म्हणलं, झडती नीट झाली न्हाय, अंधारात दिसलं न्हाय, कंदील घेऊन परत बघते. आन् पोर पदराखाली घेऊन कोठडीत गेले. हवालदारानं बघितलं. तो काय आंधळा न्हवता. म्हणला, “लौकर आटप. आणि तुझी झडती कोण घेणार?”

घरी आले. ह्यांना समदं सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. म्हणले, “नोकरी माझी हाय आन् जीभ तुझी हाय. ध्यानात ठिव.” मग परत एक डाव म्हणले, “तू काय ऐकलं न्हाईस.” मी म्हणलं व्हय. आन् पोराला पाजताना त्याच्या तोंडाकडं मला बघवंना.

सकाळी नरक चतुर्दशी. फौजदारसाहेबांच्या घरनं फराळ वाढायला बोलावणं होतंच. जावई आंघोळ करून पाटावर बसलेले, लेक ओवाळत होती, आन् ताटात निरांजनाच्या दोन बाजूला दोन करंडे, एकाच सोनाराच्या हातचे, झाकणावर एकच मोर.

बाईसाहेब मला म्हणल्या, “बघतेस काय? छान आहेत ना? पेढीवरनं आलेत. ह्या वर्षी शेठनं मुलीची पण आठवण ठेवली हो.”

मला वाटलं आता गप बसले की झालं. पर तोंडातनं निघूनच गेलं. सैपाकघरात त्यांच्या मागं गेले आन् सांगून टाकलं, बार्शीची बाई, कोठडीतली बाई, चार म्हयन्याचं पोर, समदं एका दमात, माझं मलाच कळंना मी काय बोलतेय. त्यांचं तोंड आदी लाल झालं.

“म्हणजे माझ्या घरात चोरीचा माल आहे म्हणतेस?”

“न्हाय बाईसाहेब. तिनं तुमच्या लेकीला दिलाय. आशीर्वाद म्हणून दिलाय.”

“हळू बोल! जावई बाहेर बसलेत.”

त्या चुलीपुढं हुब्या ऱ्हायल्या, कढईतलं तेल धुपाय लागलं तरी हुब्याच. मग साहेबांच्या खोलीत गेल्या. मी मोरीपाशी बसून ऱ्हायले, वाटत होतं आता ह्यांचा पट्टा उतरवत्यात, नोकरी जाती. थोड्या येळानं त्या भाईर आल्या, करंडा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कुंकू धुऊन काढलेलं.

“पेढीच्या माडीवर भुसा पडलाय ना अजून? त्यात सापडला. तुला सापडला. समजलं?” आन् मग, “पुन्हा ह्या करंड्याबरोबर ह्या घराचं नाव घेतलंस तर...” लेक दारात हुबी होती. ती माझ्याकडं बघत न्हवती, आपल्या बांगड्या फिरवत होती.

असा त्या केशीचा तपास लागला. हवालदार दोन पंच घेऊन माडीवर आला, मी भुशात कोपरापतूर हात घातला आन् पदरातला करंडा भाईर काढला. हवालदार म्हणला, “हाताला यश आहे हो वहिनी तुमच्या.” त्याला समदं ठावं होतं. तितंच पाटावर बसून त्यानं पंचनामा लिवला आन् कागद माझ्याकडं सरकवला. मी एकेक अक्षर लावून वाचलं. ‘सदर करंडा आरोपीने भुशात दडवून ठेवला असल्याचे आढळून आले. फिर्यादी यांनी सणाचे दिवस व आरोपीचे लहान मूल पाहून दयाबुद्धीने तक्रार मागे घेतली.’

“दडवला न्हाय तिनं,” मी म्हणलं.

“मग भुशात काय तो चालत गेला? सही येते ना तुला? मग कर.”

मी केली. खाली माझं नाव हाय, वळणदार. शाळेत मास्तर म्हणायचे, अक्षर चांगलं हाय पोरीचं.

तिला सोडलं तवा ऊन डोक्यावर आलेलं. सासूनं पोर तिच्या हातात दिलं आन् ती फाटकातच पाजायला बसली, लोक बघत होते तरी. मला म्हणली, “अक्का, कागदावर काय लिवलं?”

“सुटलीस म्हणून लिवलंय.”

“मी चोरी नाय केली, ते बी लिवलं?”

मी मान हालवली. व्हय म्हणून हालवली.

दिवाणजीनं ठाण्यातनं करंडा घेतला, माझ्यापुढं बार्शीच्या टोपलीत आपल्या हातानं बसवला आन् म्हणले, “आता होऊ दे गहाळ!” टोपली शिवून संध्याकाळच्या गाडीवर गेली. मला ठावं होतं ती कुणाच्या दारात जाणार. एक शबुद बोलले असते तरी पुरं होतं. पर तो का काढला ते सांगायचं तर कुटं घातला ते बी सांगावं लागणार, आन् मला सांगितलं होतं की भुसा. मी भुसाच धरून बसले.

आठ दिसांनी टोपली परत आली. वर चिठ्ठी, मेलेल्या मालकाच्या भावाची. माझ्या वैनीच्या कपाळाचं कुंकू पुसून पुरता म्हयना झाला न्हाय, आन् तुमी तिला करंडा पाठवता, ह्यापुढं तुमच्या पेढीची पायरी चढणार न्हाय. हवालदारानंच आमाला सांगितलं, गंमत म्हणून सांगितलं. शेठ म्हणे तोंडात मारल्यावाणी बसला. म्हंजे त्याला बी कळलं, दिवाणजीला बी कळलं, की ती बाई बरोबर होती. पुढल्या सालापास्नं टोपलीत करंडा घालायचं बंद झालं. तिला मातर कुणी बोलवून घेतलं न्हाय.

तिच्या आळीतल्या नळावर बाया म्हणायच्या, माफी मिळाली म्हणून सुटली, न्हायतर खडी फोडत असती. कुटल्या पेढीवर तिला काम मिळालं न्हाय. घरातच सुताच्या कांड्या भरत बसायची. एक डाव मंगळवारच्या बाजारात मला दिसली. मी हाक मारली. कुणीतरी तिला पंचनामा वाचून दावला असणार, न्हायतर नळावर कळलं असंल. माझ्याकडं बघून तिनं पोरगं ह्या कडेवरनं त्या कडेवर घेतलं, माझ्या हाताच्या पल्याड, आन् मेथीची जुडी न घेताच निघून गेली.

मी झडतीचं काम सोडलं. पोर लहान हाय म्हणून सांगितलं. दोन म्हयन्यात ह्यांची बदली दुधनीला झाली, का झाली ते कुणी बोललं न्हाय. हितं मला अजून भ्या वाटतं, दारात सायकल वाजली की मी आदी कडी बघते. साहेब लोक आपल्या लिवण्याच्या शेवटी लिवतात की ह्या केशीनं मला काय शिकवलं. मला एवढंच कळलं, की कोठडीतनं बाईला काढता येतं, कागदातनं काढता येत न्हाय. आन् तो कागद माझ्या सहीनं पक्का झालाय.

म्हणून हे लिवलं. तिचं नाव लिवलं न्हाय, पर त्या आळीत समद्यांला ठावं हाय कोण ते. तिला वाचता येत न्हाय. तुमच्यातलं कुणी त्या आळीतलं असंल तर तिच्या दारापुढं हुबं ऱ्हाऊन हे वाचा, जरा मोठ्यानं वाचा, नळापतूर जाईल असं.