जागा सोडून

सरलाताई लग्न होऊन दिल्लीला आल्या तेव्हा त्यांना हिंदीत भाजीसुद्धा मागता येत नव्हती. आता त्या दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या मराठी मंडळाच्या खोलीत दर रविवारी मुलांना मराठी शिकवतात. मुलं हिंदीच्या सवयीनं ‘दिल्ली ला’, ‘आई ने’ असं तोडून लिहितात. ताई लाल पेनानं तुकडे सांधतात आणि म्हणतात, “प्रत्ययाला एकटं सोडू नये रे.”

मुलं येतात ती मात्र तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. तो गेला तर वर्गही गेलाच. म्हणून तो रडतखडत चालू लागला आणि चिटणीस खंडेराव म्हणाले, “कबाड्याला देऊन टाकू भंगारात,” तेव्हा ताईंनी थोडी मुदत मागून घेतली. नोएडात आयटीत असलेल्या मुलाकडून, मानसकडून, जुन्या मशीनवरही चालणाऱ्या लिनक्स सिस्टिमचा पेनड्राइव्ह मागवला आणि शनिवारी दुपारी स्वतःच ते मशीनवर चढवलं. सगळं सुरळीत झालं. रीस्टार्ट केल्यावर मात्र पडदा काळाठिक्कर.

खंडेराव डोकावले. “गेला ना? कबाडी खाली आलाय.”

“चहा पाजा त्याला,” म्हणत ताईंनी मानसला फोन लावला.

“आई, कॅप्स लॉक दाब. दिवा लागतो?”

“लागतो. विझतोही.”

“अच्छा, मग मशीन चालू आहे. फक्त स्क्रीनचं बिनसलंय.”

“ओ देतोय म्हणजे.”

“ओ?”

“हाक मारल्यावर देतात तो. तू कधी दिला नाहीस, तुला कसा माहीत असणार.”

मानस हसला. त्यानं सांगितल्याप्रमाणे ताईंनी मशीन पुन्हा चालू करताना एस्केप दाबलं, आलेल्या यादीवर ‘ई’ दाबलं. इंग्रजी ओळींचा ढीग उघडला.

“लिनक्सनं सुरू होणारी ओळ बघ. शेवटी ‘स्प्लॅश’ आहे ना? त्याला लावून ‘नोमोडसेट’ लिही. मग ते ग्राफिक्स कार्डाच्या नादी न लागता साधी स्क्रीन दाखवेल.”

लिहिलं. पडदा काळाच. दुसऱ्यांदाही तेच.

“राहू दे यार, आई. कार्डच गेलं असेल.”

ताईंनी मनात देवाचं नाव घेतलं. एवढा ओ देणारा जीव गोणीत कसा घालायचा? तिसऱ्यांदा लिहिताना त्या एकेक अक्षर मोठ्यानं म्हणू लागल्या. “एस, एच, एन, ओ...”

“थांब. एचनंतर स्पेस कुठंय?”

“लावून लिही म्हणालास.”

“जोडून नाही गं. जागा सोडून.”

आयुष्यभर ताई मधल्या मोकळ्या जागा बुजवत आल्या होत्या. मानसनं नोएडात वेगळं घर केलं तेव्हा ‘इथूनच जा-ये कर’ म्हणून आपण केवढा तगादा लावला होता, तेही का कोण जाणे, आत्ताच आठवलं.

त्यांनी स्पेस दिली. या वेळी पडदा उजळला. अक्षरं बेढब, मोठाली, पण होती.

“हे एका वेळेपुरतंच,” मानस म्हणाला. “कायमचं करायला एका फाइलमध्ये लिहावं लागतं. उद्या येऊन करू?”

‘ये’ अगदी ओठांवर आलं होतं.

“सांग, मीच लिहिते. तू सवडीनं जेवायला ये.”

खंडेराव कबाड्याला घेऊन वर आले, तेव्हा ताई फाइलमध्ये लिहून झाल्यावर मुद्दाम मशीन बंद करून पुन्हा चालू करत होत्या. “आपलं आपण येतं का बघू,” त्या म्हणाल्या. तिघंही काळ्या पडद्याकडे बघत उभे राहिले.

आधी दिसलं ते कबाड्यालाच. “आ गया, माताजी,” तो म्हणाला आणि रिकामी गोणी खांद्यावर टाकून जिना उतरला.