कुरडयांचा चोथा आणि गांडुळांचं टाकं

रविवार, १२ मे १९८५. सकाळ, ऊन चढायच्या आत.

हजर: सासरे, मागच्या दारातल्या खुर्चीत. सासूबाई, ओट्यावर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या राखणीला. शेजारच्या काकू, उभ्या कुंपणापलीकडे, बोलायला मात्र अलीकडे. मी, टाक्यापाशी, हातात रिकामं घमेलं. गैरहजर: नवरा, हिंगण्याच्या कारखान्यात जादा पाळी. गवळी, भाच्याच्या लग्नाला गावी.

घरकामाच्या डायरीत त्या दिवशी मी एवढंच लिहिलं होतं. पुढचं लिहायला वेळ नव्हता आणि अंगात त्राणही नव्हतं. आता संत्र्यांचे दिवस आलेत, ऊन सोसण्यासारखं झालं आहे, म्हणून बाकीचं लिहिते.

टाकं म्हणजे गांडुळांचं टाकं. परसात कडुनिंबाखाली विटांनी बांधलेलं, बाजेएवढं लांब, गुडघ्याच्या वर उंच. मध्ये आडवी भिंत, म्हणजे दोन कप्पे, आणि त्या भिंतीत मुद्दाम ठेवलेल्या फटी. एका कप्प्यात शेण, पालापाचोळा, भाजीची देठं घालत राहायचं. गांडुळं ते खातात आणि काळं, चहाच्या पत्तीसारखं खत मागे ठेवतात. कप्पा भरला की त्याचं पाणी तोडायचं आणि शेजारच्या कप्प्यात ओलं, ताजं घालायला लागायचं. ओलाव्याच्या ओढीनं बरीचशी गांडुळं फटींतून तिकडे सरकतात. मग इकडचं खत उपसून त्याचे ढीग लावायचे. उरलेली गांडुळं उजेडाला भिऊन ढिगाच्या तळाशी जातात. वरवरचं खत खरवडायचं, थोडं थांबायचं, पुन्हा खरवडायचं. चाळायचं, पोत्यात भरायचं. लिहायला सोपं आहे. पाठीला विचारावं.

हा उद्योग सासऱ्यांचा. जन्म नागपुरात कारकुनीत गेला, पण गाव पारशिवनीकडचं, शेतीचं. निवृत्त झाल्यावर कृषी महाविद्यालयातल्या एका ओळखीच्यांकडून त्यांनी मडकंभर गांडुळं आणली, सायकलच्या कॅरिअरला बांधून. सासूबाई तेव्हा ओळीतल्या साऱ्या घरांना सांगत फिरल्या, "लोकं रिटायर झाल्यावर काशीले जातात, यायनं गांडोळं आणली!" टाक्याजवळून जाताना त्या पदर नाकाला लावत. खरं तर चांगल्या टाक्याला वास येत नाही, पहिल्या सरीनंतरच्या वावरासारखा थोडा येतो, तेवढाच. पण त्यांनी पदर लावायचं ठरवलं होतं.

मग सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, पाय थोडाफार आला, हात आला नाही. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी खाटेखाली सोडून दिला तो दिलाच. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कोणी भेटायला आलं तरी वळायचे नाहीत. टाक्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं, घरातली बाकीची कामं येतात तसंच. एका सकाळी ऑफिसला जायच्या घाईत मी वैतागून दारातूनच म्हटलं, "बाबा, टाक्याले मुंग्या लागल्या. आता काय करू?" ते वळले. म्हणाले, "मले दाखव."

तेव्हापासून रोज सकाळी मी आणि नवरा त्यांना दोन्हीकडून धरून मागच्या दारातल्या खुर्चीत आणून बसवतो. नवरा पहाटेच्या पाळीला गेला असेल तर सासूबाई एक बाजू धरतात. खुर्चीतून ते सांगतात, मी करते. कुठं कोरडं पडलं, कुठं जास्त ओलं झालं, पोतं कुठं सरकलं, सगळं त्यांना तिथून दिसतं. मूठभर खत हातात दिलं की वास घेतात, बोटांत चुरतात आणि चांगलं की वाईट ते सांगतात. तेवढ्या वेळात भिंत मागे राहते. टाकं ठेवण्याचं माझं कारण एवढंच होतं. खत लिंबाला, कुंड्यांना, काकूंच्या गुलाबांना जायचं आणि सगळे वाहवा करायचे, पण गुलाबांसाठी मी इतकं केलं नसतं.

उन्हाळ्यात काम दुप्पट होई. आमच्याकडच्या मे महिन्यात माणसं कूलरसमोरून हलत नाहीत. टाक्याला कूलर कुठला? मागच्या वर्षीचा कूलरमधला वाळा मी जपून ठेवते, तो टाक्यावर अंथरायचा, त्यावर ओली पोती. नळ आला की क्रम ठरलेला: आधी प्यायचं पाणी, मग कूलरचं, मग टाक्याचं, उरलं तर माझ्या आंघोळीचं. ऑफिसातून आले की पर्स खुंटीला लावायच्या आधी पोत्यांवर हात ठेवून बघायचा. कधी कधी वाटे, हे एकदाचं संपावं. टाकं मोडावं, तिथं तुळस लावावी आणि आपण संध्याकाळी नुसतं बसावं.

त्यातच कुरडया. आमच्या ओळीतली चार घरं कुरडया एकत्र करतात, आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या. कोणाच्या घरी गहू कधी भिजत घालायचे, सोऱ्या कोणाचा, बाज कोणाची, याची यादी माझ्याकडे. गहू तीन दिवस भिजून आंबले की वाटायचे, चीक गाळून घ्यायचा, तो शिजवून सोऱ्यातून पाडायचा. मागे उरतो चोथा, घमेलंभर, ओला, आंबूस. तो दरवर्षी गवळ्याच्या म्हशींना जातो. यंदा गवळी लग्नाला गेला होता, आणि माझ्या यादीत चोथ्यासाठी ओळच नव्हती, कारण तो कधी उरतच नसे.

शुक्रवारी आमच्या अंगणात सगळ्यांचं वाटण झालं. मी ऑफिसात होते. शनिवारी बाजेवर जुनी साडी पसरून कुरडया पाडल्या, त्यात दिवस गेला. टाक्याची पोती न उचलताच वरून पाणी मारलं आणि झोपले.

रविवारी सासऱ्यांना खुर्चीत बसवून नवरा कंपनीच्या बससाठी पळाला. मी पोतं उचललं तशी आंबलेली वाफ तोंडावर आली. हात आत घातला तर ठेववेना. वर पांढरट चोथ्याचा जाड थर, त्यावर बुरशीची जाळी. गांडुळं चारी भिंतींवर चढलेली, कोपऱ्यांत एकमेकांत गुंतून गोळे झालेली. जी बाहेर पडली होती ती जमिनीवर सुतळीसारखी वाळली होती आणि मुंग्या त्यांना ओढून नेत होत्या.

"काहून थांबली वं?" सासऱ्यांनी विचारलं.

"टाकं तापलं, बाबा."

"पाणी कमी पडलं काय?"

"पाणी नाही. आत चोथा आहे."

ओट्यावरून सासूबाई खुशीत म्हणाल्या, "मीच टाकला, परवा! गवळी नाही तं फेकून काहून द्यायचा? चार घरचा चोथा. म्हटलं, तुमच्या गांडोळायलेही कुरडईचा वाटा भेटू द्या."

पदर नाकाला लावणाऱ्या या बाईनं घमेली उचलून स्वतः टाक्यापर्यंत नेली होती, चोथा हातानं दाबून सारखा केला होता, वर वाळा आणि पोती नीट झाकली होती. इतक्या वर्षांत टाक्यासाठी त्यांनी केलेलं पहिलं काम.

"भारीच पंगत झाली म्हणा," कुंपणापलीकडून काकू म्हणाल्या. "कोणाले उठताच येऊन नाही राहिलं!"

सासूबाई उतरून आल्या, वाकून आत पाहिलं.

"हे असं काहून झालं वं?"

"चोथा आंबते, आई. झाकून ठेवला की आतून तापते."

"म्हशी तं मजेत खातात."

"म्हशी खाऊन मोकळ्या होतात. यायले त्याच्यातच राहा लागते."

सासूबाई साडीला हात पुसत तिथंच उभ्या राहिल्या. काकूंनाही काय झालं ते कळलं असावं, त्या कुंपणापासून मागे सरकल्या.

मग सासरे म्हणाले, "मले आत ने."

रागावले असते तर बरं झालं असतं. आवाज अगदी सपाट होता, भिंतीकडे तोंड करून पडायचे त्या दिवसांतला. डावा हात त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला होता, उठायला. मला कळत होतं की आज ते आत गेले तर उद्या बाहेर यायला कारण उरणार नाही. आणि हेही खरं की मी इतकी थकले होते, की त्यांना आत नेऊन, दार लावून, कूलरसमोर पडून राहावं असं मलाही वाटत होतं. टाकं आपोआप संपलं होतं. मला काही करावंही लागलं नव्हतं.

"मी एकटी कशी नेऊ तुमाले?" मी म्हटलं. "माहे हात भरले आहेत. संध्याकाळी हे आले की नेतील."

आत गेले, कणीक मळायची मोठी परात आणली, त्यात ओलं गोणपाट घातलं. टाक्याच्या कोपऱ्यातला गांडुळांचा एक गोळा मातीसकट उचलून परातीत टाकला आणि परात त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे निवडा. हालतात ते गोणपाटावर, नाही हालत ते खाली टाका."

"एका हातानं काय निवडू मी?"

"माह्यापाशी दोन आहेत, तरी मले कुठं पुरून राहिले?"

परात कलली, माती सरकायला लागली. तेव्हा त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि परातीच्या काठावर ठेवला, कागद उडू नयेत म्हणून वर काही ठेवावं तसा. परात स्थिर झाली. मग ते निवडायला लागले.

मी खोऱ्यानं चोथा बाहेर ओढायला लागले. तापलेला थर काढून उन्हात पसरायचा, खालच्या खतात हात घालून जिथं गार लागेल तिथली माती घमेल्यात घ्यायची, ती परातीत ओतायची. तळाशी, आडभिंतीच्या फटींजवळ बरीच गांडुळं जिवंत होती. सासूबाई स्वयंपाकघरातून करवंटी घेऊन आल्या आणि खुर्चीजवळ पाटावर बसल्या. बोट लावायची तयारी नव्हती, करवंटीनं गांडूळ उचलायच्या.

"अवो, तो मेला आहे. काहून ठेवून राहिले?"

"मेला नाही. पडून आहे."

"तुमच्यासारखाच."

"चूप राय. हालला, पाय."

मी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि खोरं मारत राहिले. मागे दोघांचं चालू होतं, हा इकडे, तो तिकडे, करवंटीनं चेंगरशील त्याले. काकूंनी कुंपणावरून बादलीभर गार पाणी दिलं, स्वतःच्या कूलरचं. मे महिन्यात कोणी कूलरचं पाणी देत नाही.

उंबऱ्यावर ऊन येईपर्यंत सासरे खुर्चीत होते. मग मी आणि सासूबाईंनी त्यांना आत नेलं. खाटेवर टेकल्यावर ते म्हणाले, "रांजणात ठेव त्यायले. तडकलेल्या. न्हाणीच्या कोपऱ्यात." मी तसं केलं. दुपारी उठून दोनदा बघायला लावलं त्यांनी मला.

वाचली त्यांनी तडकलेला रांजण निम्मा भरला. बाकीचं टाकं मी त्या आठवड्यात संध्याकाळी थोडं थोडं उपसलं. पोळ्यानंतर, हवा गार झाल्यावर, एक कप्पा पुन्हा लावला: तळाला विटांचे तुकडे, मग नारळाच्या शेंड्या, शेण, पाला, वर रांजणातली गांडुळं. सासूबाईंनी त्या दिवसाबद्दल कधी काही म्हटलं नाही. आता मात्र त्या प्रत्येक साल, प्रत्येक देठ मला दाखवून विचारतात, "हे चालते काय?" दोडक्याची साल चालते काय, चहाची पत्ती चालते काय, संत्र्याचं टरफल चालते काय. संत्र्याचं नाही, आई, त्यानं आंबट होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा, संत्र्याचं चालते काय? ऑफिसातून येऊन चप्पल काढायच्या आत मला ही उत्तरं द्यावी लागतात. पदर नाकाला होता तेव्हा एवढं बोलावं लागत नव्हतं.

आता तो कप्पा भरला आहे. खत तयार आहे, काळं, मोकळं, ते सासऱ्यांनी बोटांत चुरून पाहिलं आहे. पण या वेळी मी चाळलेलं त्यांना नको आहे. "छपरीच्या बल्लीले चाळणी टांगून दे," ते म्हणतात, "माह्या खुर्चीच्या उंचीवर. तू वरून टाक, मी झोके देतो. एका हाताचं काम आहे." मी हिशेब केला, बरोबर आहे, माझी अर्धी पाठ वाचेल. शेजारच्या गल्लीत एका घराचं बांधकाम चालू आहे, तिथून वाळूची चाळणी मागून आणली. दोरी आणली, लोखंडी कडीही आणली. पण ती बल्लीत, म्हणजे मागच्या दारावरच्या छपराच्या लाकडी वाशात, ठोकायची तर स्टूल हवं, खाली स्टूल धरायला कोणी हवं, आणि एक रिकामी सकाळ हवी. नवऱ्याची पाळी बदलली, मग ऑफिसात तपासणी लागली, मग सासूबाईंचा गुडघा धरला.

चाळणी भिंतीला टेकून उभी आहे, तिच्यावर दोरीचं वेटोळं. सकाळी खुर्चीत बसवलं की सासरे आधी वर बल्लीकडे बघतात, मग माझ्याकडे. मी म्हणते, रविवारी. कडी ठोकायची राहिली आहे.