मास्तरांची थुंकी

मास्तरांना ड्रमचा रोल आवडला नाही की ते थुंकत. साइड ड्रमवर कुणाचा हात घसरला की मैदानाच्या कडेला तंबाखू-सुपारीच्या खर्‍याची लाल पिचकारी उडे आणि आम्ही मुली नाक धरून मागे सरकत असू. बल्लारपुरातल्या आमच्या शाळेचं बँडपथक ते शिकवत. इतका किळसवाणा आणि इतका चोख माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

सुरुवातीला कितीतरी महिने त्यांनी ड्रमला हात लावू दिला नाही. कोळसा खाणीतल्या फाटक्या पट्ट्याचा रबरी तुकडा ते पुढ्यात टाकत. त्याला वंगणाचा घाण वास येई. त्यावर उजव्या हाताचे दोन ठोके, मग डाव्याचे दोन. "बा-बा, मा-य. बा-बा, मा-य." सावकाश सुरू करायचं, ठोके मिसळून सलग आवाज, म्हणजे रोल, होईपर्यंत वेग वाढवायचा, मग तसंच हळू होत थांबायचं. माझा डाव्या हाताचा दुसरा ठोका कायम दबे.

"घरात बाप ओरडते अन् माय दबून राह्यते," मास्तर म्हणत. "इथी तसं नाई चालत, पोरी. मायले बोलू दे." आणि पचकन थुंकत.

स्पर्धांना ते आम्हाला दुसऱ्यांचे रोल ऐकायला लावत. गोंडपिपरीचे वादक दुसरा ठोका उचलून मारत. त्यांचा रोल दुडक्या चालीने धावे. भामरागडची मुलं दोन हातांमध्ये किंचित सैल जागा सोडत. गावच्या नाचातला ढोल त्यांच्या मनगटात मुरलेला होता.

"मास्तर, हे चुकतात ना?" मी विचारलं.

"काऊन चुकतीन? त्याईच्या पायाले तशी सवय आहे. चारही ठोके ऐकू आले ना तुले?"

त्यांना खरी शिसारी येई ती ड्रमवर काड्या दाबून नुसती खरखर काढणाऱ्यांची. "डब्यात चणे हलवून राह्यले, चोर!"

त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "मले नेताना हातानं वाजवजा. डीजेच्या पेटीतला रोल नको."

गेल्या महिन्यात मास्तर गेले. त्यांच्या पुतण्याने डीजे आणला. स्पीकरचे माणसापेक्षा उंच खोके, त्यांतून भरून ठेवलेल्या ढोलांची तीच खरखर आणि हादऱ्यांनी थरथरणारी तिरडीवरची पांढरी चादर.

"बंद कर ते," मी म्हणाले.

"बाई, लोकं काय म्हणतीन? काकाले मुक्यानं नेऊ काय?"

मी मास्तरांचा ड्रम गळ्यात अडकवला आणि तिरडीपुढे वाजवत निघाले. डीजेपुढे माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

रेल्वेच्या पुलाखाली मात्र डीजेची गाडी अडली. खोके वरच्या गर्डरला लागत होते. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, आवाज थांबला आणि गाडी मागे ठेवून तिरडी पुढे सरकली. त्या ओल्या, मुतारीच्या वासाच्या बोगद्यात माझा रोल प्रथमच उघडा पडला. बा-बा, मा-य. डाव्या हाताचा दुसरा ठोका अजूनही दबत होता.

मागे कुणी थुंकलं नाही. तेव्हा मला रडू आलं.